खंडेनवमीचं कुंकू आणि हॉलिस मॅडमच्या तीन फिल्मा

बहरीनला जाऊन आले असं सांगितलं की हल्लीची मुलं विचारतात, "ट्रान्झिटमध्ये का?" त्यांना सांगावं लागतं की नाही रे बाबांनो, चांगली बारा दिवस राहून आले, तेही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा जुफैरला आजच्यासारखे उंच टॉवर नव्हते आणि पुण्याच्या आमच्या गल्लीत विमानात बसलेली बाई म्हणजे मी एकटीच होते. भाची म्हणते, आत्या, ब्लॉग लिहितेसच तर हे लिही. म्हणून लिहिते. तिकडे जायचा विचार असेल तर कामाच्या चार गोष्टी मिळतील, पण मला खरं सांगायचंय ते तीन फिल्मांबद्दल.

जायचं ठरलं ते दादाच्या पत्रामुळे. माझा थोरला भाऊ तिथल्या मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर होता. सहा वर्षांत दोनदाच घरी आलेला. त्याने लिहिलं, "तिकीट मी काढतो, तू फक्त रजा काढ." मी तेव्हा पुण्यात शाळांना शैक्षणिक फिल्मा पुरवणाऱ्या एका लायब्ररीत कामाला होते. परत आलेली प्रत्येक फिल्म रिवाइंडरवर, म्हणजे फिल्म उलटी गुंडाळायच्या यंत्रावर, चढवायची, पांढरे हातमोजे घालून दोन बोटांत धरून सरकवायची, फाटलं असेल तिथे जोडायची, मळ असेल तर पुसायची. दिवसभर हेच. एका फिल्मला मळाचा ठिपका पडला तर तो कुठल्या शाळेतून आला हे मी सांगू शकत असे. रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या जागी बसवायला माणूस नाही." माझ्या नोकरीत ऐकलेलं हे एकमेव कौतुक.

दादाची यादी मोठी होती. आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, आणि शेवटी ठळक अक्षरात: हळद-कुंकू, इथलं बरं नसतं. मी मंडईत जाऊन दुकानदाराला बजावलं, पक्क्या रंगाचं दे, बोटाला लागलं की दोन दिवस जाता कामा नये. त्याने तसंच दिलं. पुढे काय झालं ते वाचताना हे वाक्य लक्षात ठेवा.

सोमवारी दुपारी उतरले. ऑक्टोबर होता. जाणार असाल तर त्याआधी जाऊ नका, कारण दादाच्या म्हणण्याप्रमाणे ऑगस्टमध्ये तिथे नळाचं थंड पाणीही चहाला चालतं. दादा सात माणसांत एका खोलीत राहायचा, तिथे बाईमाणसाची सोय नव्हती. म्हणून माझा मुक्काम बुसैतीनला त्याचा मित्र फेलिक्स आणि त्याची बायको टेरेसा यांच्याकडे. दोघं वसईचे. फेलिक्स एका इस्पितळाच्या ऑफिसात आणि टेरेसा घरी. बुसैतीन विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रवासाचा शीण यायच्या आत मी जेवायला बसलेसुद्धा. टेरेसाने बांगड्याचं आंबट केलं होतं आणि शेजारच्या भट्टीतून आणलेल्या गरम खुबूजच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, दुरड्या. ही खुबूज गरम असतानाच खा. गार झाली की हातमोज्यासारखी लागते.

मंगळवारी दादाने मला व्हॅनमधून मनामा दाखवलं. समुद्रात भर घालून केलेला रस्ता ओलांडला की बाजार. बाब अल बहरीनच्या कमानीमागे सोन्याची, मसाल्यांची, कापडाची दुकानं, आणि अर्ध्या दुकानांत हिंदी चालतं. केशराच्या हलव्याचा डबा घ्या, तो टिकतो. दादा मात्र त्या दिवशी गप्प गप्प होता. शेवटी चहाच्या टपरीवर बोलला, आमच्या घरच्या मालवणीत.

"बाय, ह्या आठवड्यात माझो व्हिसा रिन्यू होवचो असा. पासपोर्ट मॅनेजरच्या टेबलार पडलोहा. कंपनी माणसां कमी करता. सही झाली तर ऱ्हवलंय, नाय झाली तर तुझ्याबरोबरच परत."

मॅनेजर अमेरिकन होते, हॉलिस नावाचे. त्यांच्या पत्नी, हॉलिस मॅडम, तिथल्या परदेशी लोकांच्या शाळेत शिकवायच्या. येत्या गुरुवारी संध्याकाळी जुफैरच्या एका क्लबच्या हॉलमध्ये त्या तीन जुन्या फिल्मा दाखवणार होत्या. त्या अमेरिकेतल्या डोंगराळ भागात वाढल्या होत्या. त्यांच्या लहानपणी कुठल्याशा कॉलेजची माणसं कॅमेरा घेऊन त्या दरीत आली आणि तिथलं जगणं, गाणी, वाद्यं टिपून गेली. तिसऱ्या फिल्ममध्ये मॅडमचे वडील होते, बॅन्जो वाजवताना. वडील वारले होते. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता आणि ती प्रतही एकच. प्रोजेक्टरचा पट्टा तुटला म्हणून सगळं सामान वर्कशॉपमध्ये आलं होतं. दुरुस्त झालेला प्रोजेक्टर दादाने क्लबात पोचवला, आणि फिल्मांचे तीन गोल डबे मात्र गुरुवारपर्यंत वर्कशॉपच्या एसीवाल्या स्टोअरमध्ये ठेवले. किल्ली दादाकडे.

"तू बघशील काय एकदा, नीट असत काय ता?" दादाने विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी बघू. मी रजेवर होते ना.

बुधवारी खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये आपल्याकडची आठ-दहा माणसं, कोकणातली, साताऱ्याची. दरवर्षी ती सकाळी पाने, हातोड्या, जॅक, गाड्या धुऊन मांडायची आणि पूजा करायची. बहरीनी फोरमन अबू खलील स्वतः तासभर काम थांबवायचा आणि प्रसादाचे पेढे घ्यायला सगळ्यांत पुढे उभा राहायचा. मला बोलावलं होतं, पण टेरेसाच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसण्यात मला अधिक रस होता.

दुपारी दोनला दादा दारात. त्या वेळी तो कामावर असायला हवा. हातात तिन्ही डबे.

"काय झालं?"

"पूजा केलंय," तो म्हणाला.

"मग?"

त्याने वरचं झाकण उघडलं. डब्यात अक्षता, झेंडूची पाकळी, आणि लोखंडी रिळाच्या बाजूला जी भोकं असतात त्यांतून थेट गुंडाळलेल्या फिल्मच्या कडेवर हळदीकुंकवाची ओली पाच बोटं. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्यातही तेच, किंबहुना जरा जास्तच मनोभावे.

फिल्म ही गुंडाळी असते. कडेवर एक बोट लावलं की ते एका जागी लागत नाही, गुंडाळीच्या शेकडो वेढ्यांना लागतं. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत शाळांनी फिल्मांना शाई, गूळ, एकदा तर चक्क लोणचं लावून पाठवलं होतं. पण पूजा करून कोणी पाठवली नव्हती.

"अरे येड्या," मी टेरेसा आणि नुकत्याच जेवायला घरी आलेल्या फेलिक्ससमोरच ओरडले, "झाकणावर लावायचं होतंस. उघडायला कोणी सांगितलं होतं?"

"झाकणाक लावून काय? पत्र्याची पूजा थोडीच करूची होती."

"मग कशाची?"

तो झाकण परत लावून चपलांकडे बघत उभा राहिला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आणि त्याला मी असं कधी बोलले नव्हते. पण मला राग आवरला नाही, आणि खरं तर रागापेक्षा भीती जास्त होती. त्या बाईच्या वडिलांचा आवाज, दादाचा व्हिसा, आणि वर पक्क्या रंगाचं कुंकू आणणारी मी.

फेलिक्स म्हणाला, "ताई, शिव्या नंतर द्या. काय काय लागेल ते सांगा."

तासाभरात आम्ही मीना सलमानला. अबू खलीलने स्टोअरमधलं एक टेबल रिकामं करून दिलं. दोन उभे दांडे शिकंज्यात घट्ट बसवून दादाने त्यांना हातानं फिरवायची कडी जोडली. झाला रिवाइंडर. टेरेसाने आपल्या जुन्या मखमली ब्लाउजच्या बाह्या कापून दिल्या. फिल्म पुसायचं द्रव्य, ज्याला आम्ही कार्बन टेट म्हणायचो, ते तिथे विजेचे भाग साफ करायला बाटलीभर होतंच. (आज कोणी वापरायला जाऊ नका, विषारी आहे. आम्हीही दारं-खिडक्या उघड्या टाकून बसलो होतो.) हातमोजे मात्र नव्हते. माझे पुण्याला खणात. फेलिक्सने इस्पितळातून रबरी आणले.

आधी कोरड्या मखमलीने पूड झटकायची, मग ओल्या मखमलीने पुसायचं, मग वाळेपर्यंत हळूहळू गुंडाळायचं. दादा कडी फिरवत होता, मी दोन बोटांत फिल्म धरून होते. पहिल्या दोन फिल्मांना कुंकू भोकं असलेल्या कडेला लागलं होतं. ती कडा प्रोजेक्टरचे दाते ओढतात, तिथे डाग राहिला तरी काही बिघडत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही झाल्या.

तिसरी उजेडात धरली आणि भिंग लावलं. तिच्या डब्यात रीळ उलटं ठेवलेलं होतं. कुंकू दुसऱ्या कडेला होतं. त्या कडेला एक बारीक नागमोडी पट्टी असते, आणि सगळा आवाज त्या पट्टीत असतो. तिथे मळ राहिला तर दर वेढ्याला ठप्प असा आवाज येतो. वडील गाणार आणि दर तीन-चार सेकंदांनी ठप्प.

"बाय, किती वाईट असा?" दादाने विचारलं.

"फिरव तू," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी सातपासून पुन्हा बसलो. अक्षतेचे सात दाणे निघाले. पूड पूर्ण गेली. पण रंग फिल्मच्या अंगात मुरला होता. त्या नागमोडी पट्टीवर फिकट गुलाबी ठिपके, एकामागून एक, मोजायला गेलं तर संपणारच नाहीत असे. अजून घासलं असतं तर पट्टीच खरवडली असती. आमचे साहेब एकदा म्हणाले होते की आवाज वाचणाऱ्या दिव्याला लाल रंग फारसा दिसत नाही, काळा मळ दिसतो. पण ते कधी पडताळलेलं नव्हतं, आणि पडताळायला प्रोजेक्टर इथे नव्हता. तो क्लबात कुलपात होता.

"आता काय करायचं ते ऐक," मी दादाला सांगितलं. "गप्प बसायचं. कदाचित कळणारही नाही. आवाज खराब आलाच तर जुनी फिल्म आहे असं म्हणता येईल. तुझी सही झाली की मग काय सांगायचं ते सांग."

मी हे सांगितलं, हे लिहायला आजही बरं वाटत नाही. दुसऱ्याच्या फिल्मवरचा डाग शोधून काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता.

दादा म्हणाला, "बरां."

संध्याकाळी जुफैर. तेव्हा तिथे बैठे बंगले, नौदलाच्या तळाचं कुंपण आणि रिकामे प्लॉट. क्लबचा हॉल आपल्या शाळेच्या हॉलइतका. साठेक माणसं जमली होती आणि मॅडमनी वर्कशॉपच्या सगळ्यांना बोलावलं होतं, त्यामुळे मागच्या दोन रांगा आपल्याच, फेलिक्स-टेरेसासकट. हॉलिस मॅडम उंच, सुती फ्रॉकातल्या, पन्नाशीच्या. माझं काम ऐकल्यावर त्यांनी प्रोजेक्टर सरळ माझ्या ताब्यात दिला. मी पहिली फिल्म चढवत होते, तेव्हा काचेच्या दारातून दिसलं की दादा बाहेर व्हरांड्यात मॅडमसमोर उभा आहे. कॅप हातात. ओठ हलताहेत. दादाचं इंग्रजी म्हणजे येस मॅडम, नो मॅडम आणि टायर पंक्चर, आणि तरी तो बराच वेळ बोलत होता. मॅडम हलल्या नाहीत.

मनात म्हटलं, झालं, आता दोघांची बॅग भरायची.

मॅडम आत आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्याने सांगितलं. सुरू करा."

पहिल्या फिल्ममध्ये डोंगर, धुकं, लाकडी घरं. एका अंगणात खेचर गोल गोल फिरतंय आणि मधल्या चरकात माणूस उसासारखे दांडे घालतोय. रस कढईत उकळतोय, बाया मळी काढतायत. मागून साताऱ्याचा एक फिटर स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलला, "आयला, हे तर आमचं गुऱ्हाळ. फक्त बैलाच्या जागी हे गाढवाचं भावंड." दोन्ही रांगा हसल्या. दुसऱ्या फिल्ममध्ये एक म्हातारी मक्याची कणसं सोलता सोलता गात होती, कुठलंही वाद्य नाही, चेहऱ्यावर काहीही नाही. गाणं कोण्या बुडून मेलेल्या मुलीचं होतं, असं नंतर टेरेसाने सांगितलं. ती ते ऐकताना डोळे पुसत होती. ठप्प कुठेही आलं नाही.

तिसरी फिल्म लावताना दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. दिवा लागला. ओसरीत एक हाडकुळा माणूस, गळ्याशी बटण लावलेला सदरा, मांडीवर बॅन्जो. त्याने घसा साफ केला, कॅमेऱ्यामागच्या कोणाला तरी काहीतरी विचारलं आणि वाजवायला लागला.

मी मोजत होते. तीन सेकंद. चार. पाच. सहा. बॅन्जोचे सूर एकावर एक पडत होते आणि मधे काहीच नव्हतं. मग तो गायला लागला, नाकात, जरासा बेसूर, अगदी मोकळा. एक कडवं. दुसरं. ठप्प नाही. माझ्या पाठीत बुधवारपासून अडकलेली कळ तेव्हा सुटली. खुर्ची शोधून मी खाली बसले. दादाने मागून खांद्यावर हात ठेवला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या गाण्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

दिवे लागल्यावर त्यांनी मला डाग दाखवायला सांगितला. मी भिंग दिलं. त्यांनी गुलाबी ठिपके पाहिले, बोटाने त्यांच्यावरून हवेतच रेघ ओढली.

"आवाजाला लागत नाही ना?"

"नाही."

"पडद्यावर दिसत नाही?"

"नाही. ही कडा पडद्यावर कधी येतच नाही."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि डबा बंद केला. मग दादाकडे वळून म्हणाल्या, "शनिवारी ऑफिसात येऊन पासपोर्ट घेऊन जा. सही मंगळवारीच झाली आहे."

मंगळवारीच. म्हणजे आम्ही दोन दिवस जो जीव टांगणीला लावला होता त्याला काही कारणच नव्हतं. फेलिक्स गाडीत एवढा हसला की टेरेसाने त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. अबू खलील हात झटकून म्हणाला, "खलास!", म्हणजे झालं, मिटलं, आणि आम्हाला सगळ्यांना वेलचीची काळी कॉफी पाजायला घेऊन गेला. ती कडू कॉफी मला त्या दिवशी गोड लागली. आणखी नको असेल तर कप हलवून परत द्या, नाहीतर ते भरतच राहतात. मी पाच प्यायले.

उरलेले दिवस मजेत गेले. आली नावाच्या गावातल्या कुंभारांकडे गेले, तिथलं मातीचं भांडं अजून माझ्याकडे आहे. वाळवंटात हजारो जुन्या थडग्यांचे उंचवटे आहेत, ते सकाळीच पाहा. दादाशी मी नीट बोलत होते, पण विषय काढला नाही. त्यानेही नाही. माझ्या मनात अढी एवढीच की मी गप्प बस म्हटलेलं असताना हा सांगायला गेलाच कसा.

पुण्याला परतल्यावर पुन्हा तोच खण, तेच हातमोजे, तोच रिवाइंडर. महिन्याभराने बहरीनचं तिकीट लावलेलं पाकीट आलं. हॉलिस मॅडमचं पत्र. त्यांनी माझे आभार मानले होते आणि मग जे लिहिलं होतं ते मी डिक्शनरी न काढता वाचलं, पण दोनदा वाचलं. त्यांना वाटत होतं की मला ते माहीतच असेल. त्या संध्याकाळी दादाने व्हरांड्यात त्यांना सांगितलं होतं की त्या दिवशी आमच्यात ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा करायची असते. त्याची बहीण फिल्मांचं काम करते. तिची हत्यारं समुद्रापलीकडे राहिली आणि ती इथे आली, भावाखातर. तिची पूजा चुकू नये म्हणून त्याने शोधलं, पण सगळ्या बहरीनमध्ये बहिणीच्या कामातलं असं त्याला त्या तीन डब्यांखेरीज काही सापडलं नाही. मॅडमनी लिहिलं होतं, "असं ऐकल्यावर मी कोणावर रागावणार होते?"

मी खणातले हातमोजे काढून टेबलावर ठेवले. येड्या म्हणाले होते मी त्याला. चारचौघांत. आणि त्याने तोंड उघडून एकदाही सांगितलं नाही की अगं, तुझ्यासाठी केलं.

त्याच रात्री दादाला पत्र लिहिलं. चार पानं झाली. जे बोलायला हवं होतं ते सगळं त्यात घातलं, माफीसकट. तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. त्याने माफीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"पापड संपले. व्हिसा दोन वर्सां मिळालो. फुडच्या खंडेनवमीच्या आधी तुझे हातमोजे हय धाडून दी, म्हणजे माका कोणाच्या फिल्मीक हात लावूक नको."

मी पाठवले.